हॅन्सन नावाची माणसे, कारखाने आणि एक जिवाणू

पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनने २००६ मध्ये बेल्जियममधली गिअरबॉक्सची एक कंपनी ४६.५ कोटी युरोंना विकत घेतली. तिचे नाव हॅन्सन ट्रान्समिशन्स. वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमटे ज्या कुष्ठरोगाशी आयुष्यभर झुंजले, त्याला वैद्यकाच्या पुस्तकात हॅन्सनचा आजार म्हणतात. जून १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे पृथ्वी तापते आहे आणि ते आताच दिसू लागले आहे, असे सांगणारे नासाचे शास्त्रज्ञ म्हणजे जेम्स हॅन्सन. बिअर, चीज, पावसाळी कोट, टाइपरायटर, किरणोपचाराचे यंत्र, संगणकाची कार्यप्रणाली, यांपैकी कशाचाही इतिहास उघडला तरी त्यात एखादा हॅन्सन भेटतोच.

ही माणसे एकमेकांची नातेवाईक असतील असे वाटणे साहजिक आहे, पण तसे नाही. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट रक्ताची नाही, कायद्याची आहे.

आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते आणि दर पिढीला बदलते. डेन्मार्क आणि नॉर्वेत ते शेवटी लागत असे आणि तेही दर पिढीला बदलत असे. हान्सचा मुलगा पीटर हा पीटर हॅन्सन, त्या पीटरचा मुलगा नील्स हा नील्स पीटरसन. मुलगी असेल तर 'सेन'च्या जागी 'दात्तर' लागे. गावात घरे थोडी आणि सगळे सगळ्यांना ओळखणारे, तोवर या पद्धतीत अडचण नव्हती. पण सैन्यभरती, करवसुली, वारसाहक्क ही कामे सरकारी दप्तरात जायला लागली तेव्हा बाप-लेकांची आडनावे वेगळी असणे अधिकाऱ्यांना परवडेना. १८२८ मध्ये डेन्मार्कच्या राजाने हुकूम काढला, की बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला घराण्याचे कायमचे नाव द्यावे. लोकांनी तो सहजासहजी मानला नाही. गावोगावचे पाद्री जुन्याच रीतीने नोंदी करत राहिले आणि १८५६ मध्ये पुन्हा सक्तीचे आदेश काढावे लागले. नॉर्वेत शहरी कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात स्थिर आडनावे धरली. सर्वांसाठीचा कायदा मात्र १९२३ मध्ये आला. आइसलँडने जुनी रीत आजही सोडलेली नाही.

घड्याळ थांबावे तशी नावे जिथल्या तिथे थांबली. ज्या पिढीला हुकूम लागू झाला, त्या पिढीत ज्याच्या बापाचे नाव हान्स होते त्याचे घराणे कायमचे हॅन्सन झाले. हान्स हे योहानेसचे लहान रूप आणि दोन्ही देशांत अत्यंत आवडते नाव, त्यामुळे अशी घराणी हजारोंनी निघाली. नॉर्वेत आज हॅन्सन हे सर्वांत मोठे आडनाव आहे, तर डेन्मार्कमध्ये नील्सन आणि येन्सन यांच्या बरोबरीने ते पहिल्या तिघांत बसते. गर्दी इतकी झाली की १९०४ मध्ये डेन्मार्कला आडनाव बदलणे सोपे करणारा कायदा करावा लागला. ज्यांनी बदलले नाही त्यांनी मधल्या नावाचा आधार घेतला. म्हणून या आढाव्यातली माणसे माल्लिंग-हॅन्सन, आर्माउअर हॅन्सन, हेली हॅन्सन, ब्रिंच हॅन्सन अशी जोडनावांनीच भेटतात. मधले नाव काढून टाकले तर ती एकमेकांत मिसळून जातील.

या सगळ्यांच्या तारखा एका कागदावर मांडल्या की एक गोष्ट ठळक दिसते. १८६५ ते १८८३ या अठरा वर्षांत हॅन्सनांची मोठी कामे दाटीने येतात. याचे श्रेय आडनावाला देण्यात अर्थ नाही. ते त्या काळाला द्यायला हवे. डेन्मार्कमध्ये १८१४ पासून शिक्षण सक्तीचे होते, म्हणजे गरीब घरातली मुलेही वाचती होती. १८६४ च्या युद्धात देशाने श्लेस्विग आणि होल्श्टाइन गमावले. त्यानंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपात उतरले, तेव्हा डॅनिश शेतकरी धान्याकडून लोणी, चीज आणि डुकराच्या मांसाकडे वळला. नॉर्वेकडे जगातल्या मोठ्या व्यापारी ताफ्यांपैकी एक होता. लहान देश आणि हाताशी थोडीच साधने, त्यामुळे आहे त्या वस्तूतून अधिक काढण्याची निकड मोठी होती. स्थिर आडनाव घेऊन वाढलेली ही पहिली-दुसरी पिढी कामाला लागली ती अशा वेळी.

रास्मुस माल्लिंग-हॅन्सन हे कोपनहेगनच्या मूकबधिर मुलांच्या शाळेचे प्रमुख आणि पाद्री. मुले बोटांच्या खुणांनी जितक्या वेगाने बोलतात तितक्या वेगाने कोणी हाताने लिहू शकत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. त्यातून १८६५ च्या सुमारास त्यांना लेखनगोलाची कल्पना सुचली. अर्धगोलावर ५२ कळा, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि वारंवार लागणारी अक्षरे चपळ बोटांखाली. १८७० मध्ये त्याचे पेटंट झाले. दृष्टी अधू झालेल्या फ्रीड्रिख नीत्शे या तत्त्वज्ञाने १८८२ मध्ये तो मागवला आणि काही आठवडे वापरला. प्रवासात यंत्र बिघडले आणि तो नाद सुटला. गोल सुंदर होता, वेगवानही होता, पण एकेक नग हाताने घडवावा लागे. रेमिंग्टनच्या कारखान्यातून निघालेल्या सपाट टाइपरायटरपुढे तो टिकला नाही. आज आपल्या बोटांखालची कळपट्टी रेमिंग्टनच्या वंशातली आहे. बोटांच्या चालीचा विचार आधी करणाऱ्या या शिक्षकाच्या वंशातली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

हेली युएल हॅन्सन हे नॉर्वेच्या मॉस बंदरातले जहाजाचे कप्तान. समुद्रावरची ओल आणि थंडी त्यांनी स्वतः भोगलेली. १८७७ मध्ये पत्नीच्या साथीने त्यांनी जाड लिननचे कापड जवसाच्या तेलात भिजवून खलाशांसाठी कोट शिवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची वाखाणणी झाली. फ्रिट्झ हॅन्सन या सुताराने १८७२ मध्ये कोपनहेगनला धंदा मांडला. त्याच कारखान्यातून १९५२ ची 'मुंगी' आणि १९५८ ची 'अंडे' या वास्तुकार आर्ने याकोब्सनच्या खुर्च्या बाहेर पडल्या. त्याआधीच्या पिढीतले थेओफिल हॅन्सन कोपनहेगनहून अथेन्सला आणि तिथून व्हिएन्नाला गेले. ऑस्ट्रियाचे संसदभवन त्यांचे आणि संगीतप्रेमींना ठाऊक असलेले म्युझिकफेराइन सभागृहही त्यांचेच.

अटलांटिक ओलांडून गेलेल्यांनी नाव अमेरिकेत नेले. साउथ डकोटातल्या व्हिबोर्ग गावी डॅनिश स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेल्या अल्विन हॅन्सन यांनी केन्सचे अर्थशास्त्र अमेरिकेत रुजवले. वाढच खुंटलेल्या अर्थव्यवस्थेची त्यांनी १९३८ मध्ये मांडलेली कल्पना २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांनी पुन्हा चर्चेत आणली. लार्स पीटर हॅन्सन यांना संख्याशास्त्रीय पद्धतींसाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही २०१३ मध्येच.

पण अमेरिकेतल्या हॅन्सनांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते विल्यम वेब्स्टर हॅन्सन. स्टॅनफर्डमध्ये त्यांनी तांब्याच्या पोकळीत विद्युतचुंबकीय लहरी घुमवण्याची युक्ती शोधली. तिच्या आधारे रसेल आणि सिगर्ड व्हेरिअन या भावांनी १९३७ मध्ये सूक्ष्मलहरी निर्माण करणारी क्लायस्ट्रॉन नळी घडवली आणि रडारला बळ मिळाले. १९४७ मध्ये हॅन्सन यांनी इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणारा त्वरक चालवून दाखवला. संशोधनात वापरलेल्या बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली होती. १९४९ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, ते गेले. कर्करोगाच्या रुग्णालयात आज ज्याला 'लिनॅक' म्हणतात ते यंत्र या त्वरकाचेच वंशज आहे. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने घडवलेला देशी लिनॅकही त्याच तत्त्वावर चालतो. जगभरच्या रुग्णालयांत यंत्राच्या अंगावर मात्र व्हेरिअन हे नाव दिसते. हॅन्सन दिसत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात पेर ब्रिंच हॅन्सन यांनी १९६९ मध्ये आरसी ४००० या डॅनिश संगणकासाठी असा गाभा लिहिला, की त्यात कमीत कमी कामे ठेवायची आणि बाकी सर्व कार्यप्रणाली त्याच्यावर बाहेरून रचायची. आजच्या सूक्ष्मगाभ्याच्या कल्पनेचा तो पूर्वज. रंग आणि प्लास्टिकच्या उद्योगात कोणता द्रव काय विरघळवील हे आधी सांगणारे 'हॅन्सन अंक' चार्ल्स हॅन्सन या रसायनतज्ज्ञाने १९६७ मध्ये कोपनहेगनमध्ये मांडले, आणि प्रयोगशाळांत ते अजून वापरले जातात.

कंपन्यांच्या कपाळी नाव टिकणे फारसे नसते. बेल्जियममध्ये १९२३ पासून चालत आलेली हॅन्सन ट्रान्समिशन्स सुझलॉनने घेतली, कारण तेव्हा पवनचक्कीच्या गिअरबॉक्सचा जगभर तुटवडा होता. तिने कोइंबतूरला कारखाना उभारला आणि २००७ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदणी केली. पुढे सुझलॉनवरचा कर्जाचा भार वाढला, हिस्सा विकावा लागला आणि २०११ मध्ये जर्मनीच्या झेडएफने कंपनी घेतली. कोइंबतूरच्या कारखान्यावरही झेडएफची पाटी आली. कॅलिफोर्नियात १९३५ मध्ये फळांच्या रसाच्या धंद्यातून सुरू झालेली हॅन्सन नॅचरल कंपनी २०१२ पासून मॉन्स्टर बेव्हरेज झाली. हेली हॅन्सन हे नाव टिकले, पण मालकी २०१८ मध्ये एका कॅनेडियन आणि २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीकडे गेली.

क्रिस्टिअन हॅन्सन यांच्या कंपनीचे जाणे मला या सगळ्यांत अधिक मोठे वाटते. हे कोपनहेगनचे औषधनिर्माते. दूध फाडून चीज करण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट लागते. त्या काळी गवळी वाळवलेले जठर भिजत घालत आणि त्या पाण्याचा जोर दर खेपेला वेगळा निघे. हॅन्सन यांनी १८७४ मध्ये ठरावीक ताकदीचे रेनेट बाटलीत भरून विकायला काढले. चीज करणे अंदाजावरून मापावर आले ते इथून. लोणी-चीजकडे वळलेल्या डेन्मार्कला हेच हवे होते. पुढे कंपनीने दही आणि चीजसाठी जिवाणूंची विरजणे विकली. रेनेटमधला मुख्य घटक कायमोसिन आता सूक्ष्मजीवांकडून करवून घेतला जातो, म्हणून शाकाहारी घरातही असे चीज चालते. दीडशे वर्षांची ही कंपनी जानेवारी २०२४ मध्ये नोव्होझाइम्समध्ये विलीन झाली आणि नवे नाव आले नोव्होनेसिस.

क्रिस्टिअन यांच्याच वयाचे एमिल क्रिस्टिअन हॅन्सन हे रीबे या जुन्या डॅनिश गावचे. गरिबीत वाढले, तरुणपणी घरे रंगवली, मग शिकून वर आले. डार्विनच्या 'बीगल'वरील प्रवासाचे डॅनिश भाषांतर त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केले. पुढे ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत दाखल झाले. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली होती. हॅन्सन यांनी किण्वाचे द्रावण इतके विरळ केले की एका थेंबात एकच पेशी राहावी. त्या एका पेशीपासून वाढवलेली पिढी तपासली, तेव्हा कळले की चांगल्या किण्वात रानटी जाती मिसळल्या आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शुद्ध किण्वावर पहिली बिअर बनवली गेली. ब्रुअरीचे मालक याकोब्सन यांनी हे किण्व आणि ही पद्धत स्वतःपुरती ठेवली नाही, प्रतिस्पर्ध्यांना मोफत दिली. उद्योगाच्या इतिहासात अशी उदारता विरळा.

एमिल यांनी एक पेशी वेगळी करून तिचे पीक काढले. त्यांच्याच पिढीतल्या दुसऱ्या हॅन्सनला, समुद्रापलीकडे बर्गनमध्ये, हेच काम आयुष्यभर जमले नाही, आणि त्याचे परिणाम महाराष्ट्रापर्यंत पोहोचले.

गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन यांचा जन्म १८४१ मध्ये बर्गनला झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकरी-कोळ्यांत कुष्ठरोग पसरला होता. सरकारने १८५६ मध्ये देशभरच्या कुष्ठरुग्णांची नोंदवही सुरू केली. एखाद्या रोगाची अशी राष्ट्रीय नोंदवही जगात पहिलीच. नोंदले गेले सुमारे २,८०० रुग्ण. बर्गनचे थोर डॉक्टर डॅनिएलसन यांचा ठाम समज होता की रोग आनुवंशिक आहे. हॅन्सन हे त्यांच्या हाताखाली काम करत होते आणि त्यांचे जावईही होते. नोंदवही चाळताना हॅन्सन यांना वेगळेच दिसले: जिथे रुग्णांना वेगळे ठेवले तिथे नवे रुग्ण कमी होत होते. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी एका रुग्णाच्या गाठीतल्या द्रवात त्यांना काडीसारखे जिवाणू दिसले. माणसाच्या एखाद्या जुनाट रोगाशी जोडला गेलेला हा अगदी पहिल्या जिवाणूंपैकी एक. त्याच वर्षी त्यांची पत्नी क्षयाने गेली.

जिवाणू दिसला तरी तोच रोगाचे कारण, हे सिद्ध करायला तो वाढवून दाखवावा लागतो. तो वाढेना. प्राण्यांत टोचला, रोग होईना. १८७९ मध्ये जर्मन तरुण आल्बर्ट नाइसर बर्गनला येऊन नमुने घेऊन गेला. त्याने ते चांगले रंगवले आणि शोधावर आपला हक्क सांगितला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हॅन्सन यांनी जे केले ते त्यांच्या चरित्रातले काळे पान आहे. करी निल्सदात्तर या तेहतीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची परवानगी न घेता, त्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला द्रव लावलेली सुई टोचली. तिच्या आडनावात वडिलांचे नाव अजून जुन्या रीतीने नांदत होते. रुग्णालयाच्या पाद्र्याकडे तक्रार गेली आणि खटला उभा राहिला. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, हे हॅन्सन यांनी कबूल केले. ३१ मे १८८० रोजी बर्गनच्या न्यायालयाने त्यांना रुग्णालयाच्या पदावरून दूर केले. रुग्णाची संमती न घेतल्याबद्दल डॉक्टरला शिक्षा झाल्याचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडते. हॅन्सन थोर संशोधक होते आणि या प्रकरणात ते पूर्णपणे चुकले, ही दोन्ही वाक्ये एकत्र म्हणायला हवीत. देशाच्या कुष्ठरोग विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे राहिले. १९१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यावर होते. तो जिवाणू कृत्रिम पोषकद्रव्यात आजही कोणाला वाढवता आलेला नाही.

बर्गनचा महाराष्ट्राशी धागा जोडला तो हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी. हे 'ग्रेज अॅनाटमी' या शरीररचनेच्या ग्रंथाची चित्रे काढणारे डॉक्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले आणि नंतर साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून वर्षानुवर्षे काढली. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले, हॅन्सन यांना भेटले आणि पुढच्या वर्षी भारताच्या संदर्भासह तिथल्या कुष्ठरुग्णालयांचा अहवाल लिहिला. म्हणजे बर्गनचा शोध मुंबई इलाख्याला फार लवकर कळला होता.

त्या शोधाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागला. रोग पाप नाही, शाप नाही, रक्तातून उतरत नाही, हे त्याने सांगितले. पण तो संसर्गजन्य आहे हेही त्यानेच सांगितले, आणि जगभरच्या सरकारांनी दुसरे वाक्य तेवढे उचलले. नॉर्वेने १८७७ आणि १८८५ मध्ये रुग्ण वेगळे ठेवण्याचे कायदे केले. १८९७ च्या बर्लिन परिषदेने नॉर्वेची पद्धत उचलून धरली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश भारतात कुष्ठरुग्णांना डांबण्याचा कायदा झाला आणि तो थेट २०१६ मध्ये रद्द झाला. जपानने असाच कायदा १९९६ पर्यंत ठेवला. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धन आणि १९४९ पासून वरोड्याला बाबा आमटे यांनी जे उभे केले, ते या डांबण्याच्या विचाराला दिलेले मराठी उत्तर होते: रुग्णाला काम द्या, जमीन द्या, घर द्या.

रोगाला हॅन्सन यांचे नाव द्यावे ही मागणी रुग्णांचीच. अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या रुग्णांनी आपल्या मासिकातून ती लावून धरली. ब्राझीलने १९९५ मध्ये सरकारी कागदपत्रांतून जुना शब्द कायद्याने हटवला. स्वतः हॅन्सन यांनी एका रुग्णाला न विचारता जे केले ते लक्षात घेऊनही मला ही मागणी योग्य वाटते, कारण ती ज्यांनी सोसले त्यांच्याकडून आली.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. २०१९ मध्ये संसदेने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढले. तरी जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले आहेत, आणि त्यात महाराष्ट्रातलेही आहेत. बहुतेक माणसांत या रोगाविरुद्ध जन्मजात प्रतिकारशक्ती असते. औषधे सुरू झाली की रुग्णापासून संसर्ग लवकरच थांबतो. उशीर झाला तरच नसा निकामी होऊन हातापायांना व्यंग येते. म्हणून स्वतःच्या, घरातल्यांच्या किंवा कामाला येणाऱ्या कोणाच्या अंगावर फिकट वा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर लपवू नका आणि लपवायला लावू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि सहा ते बारा महिन्यांची औषधे तिथे मोफत मिळतात.